‘सी’मध्ये काही नाही ना?

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा कामात तरबेज होता आणि त्याचं निदानही अचूक होतं. “हार्ड डिस्क जायला आलीय, काका. एसएसडी टाकून घ्या, मशीन पळेल.” मग त्याने अशा दुकानांत रोज विचारला जाणारा प्रश्न विचारला. “डेटा डीमध्येच आहे ना? सीमध्ये काही नाही ना? मग सी फॉरमॅट मारतो, नवीन विंडोज टाकतो, डी कॉपी करून देतो. उद्या संध्याकाळी या.”

मी म्हटलं, “अरे, त्यात लिनक्ससुद्धा आहे.”

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. सी दिसत होता, डी दिसत होता. “इथे तर काही दिसत नाही,” तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. विंडोजला लिनक्सची फाइलपद्धती वाचता येत नाही, त्यामुळे लिनक्सचा हिस्सा तिच्या खिडकीत उमटतच नाही. त्याला दोन कप्पे दिसत होते. डिस्कवर प्रत्यक्षात आठ होते.

लॅपटॉप उचलून मी घरी आलो आणि नवी डिस्क आणून हे काम स्वतःच केलं. दोन रविवार गेले. त्यात एक गोष्ट पक्की कळली. नव्या डिस्कवर जाताना फाइली उतरवून घेणं हा सगळ्यांत सोपा भाग आहे. अवघड असतात ते पत्ते. कोण कुठे राहतं, दाराची किल्ली कोणाकडे आहे आणि सकाळी कोणी कोणाला हाक मारायची, हे सगळं जुन्या डिस्कच्या हिशेबाने ठरलेलं असतं. एकच ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर ही व्यवस्था आपल्या नजरेला पडत नाही. दोन असल्या की तिची एकेक कडी मोजावी लागते.

एका वाड्यात दोन बिऱ्हाडं

डिस्क म्हणजे एक लांबलचक पट्टी समजा. तिचे ५१२ बाइटचे तुकडे पाडलेले असतात आणि त्यांना शून्यापासून क्रमांक दिलेले असतात. या तुकड्यांना सेक्टर म्हणतात. १ टेराबाइटच्या डिस्कवर साधारणपणे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. फाइल, फोल्डर, विंडोज, लिनक्स यांतलं डिस्कला काही कळत नाही. अमक्या क्रमांकाचा सेक्टर वाच, तमक्यावर लिही, एवढंच तिला समजतं. कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंतची जागा कोणाची, याची नोंद पट्टीच्या अगदी सुरुवातीला एका तक्त्यात असते. तो म्हणजे पार्टिशन टेबल, डिस्कचा सातबारा.

या सातबाऱ्याचा जुना नमुना १९८३ सालचा, आयबीएमच्या पीसी डॉस २.० बरोबर आलेला. त्याला एमबीआर म्हणतात. अख्खा मामला पहिल्या एका सेक्टरात. ५१२ पैकी ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रामला, ६४ बाइट तक्त्याला आणि शेवटचे २ खुणेला. तक्त्यातल्या एका नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून नोंदी चारच. शिवाय सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिटच ठेवलेले, त्यामुळे २.२ टेराबाइटच्या पलीकडची जमीन या कागदावर चढूच शकत नाही. त्या काळच्या पीसीत १० मेगाबाइटची डिस्क असे, हे लक्षात घेतलं तर त्या माणसांची दूरदृष्टी काही कमी म्हणता येणार नाही.

नवा नमुना जीपीटी. त्यात सहसा १२८ नोंदींची सोय असते, प्रत्येक पार्टिशनला जगात दुसरं कोणाला नसेल असा १२८ बिटांचा ओळखक्रमांक मिळतो आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते.

माझ्या डिस्कवरची जीपीटी उघडली तेव्हा दिसलेली आठ बिऱ्हाडं अशी: सुरुवातीला ईएफआय नावाचं छोटं पार्टिशन, मग मायक्रोसॉफ्टने राखून ठेवलेले १६ मेगाबाइट, मग सी, त्याच्यामागे विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन, मग डी, आणि शेवटी लिनक्सची तीन: सिस्टिमचं रूट, स्मृतीला जोड देणारा स्वॅप आणि माझ्या फाइलींचं होम. दुकानातल्या मुलाच्या योजनेत यांपैकी फक्त डी वाचणार होता.

सकाळी कोण कोणाला उठवतं

पॉवरचं बटण दाबल्यावर काय होतं ते एकदा नीट समजलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात.

सर्वांत आधी जागं होतं ते मदरबोर्डवरचं यूईएफआय. त्याच्या स्वतःच्या छोट्या स्मृतीत एक यादी असते: ‘अमक्या ओळखक्रमांकाच्या पार्टिशनमधली तमकी फाइल चालव.’ ही यादी मदरबोर्डवर असते, डिस्कवर नसते. डिस्कची कितीही हुबेहूब नक्कल केली तरी यादी तिच्याबरोबर जात नाही.

यादीतला पत्ता ईएफआय पार्टिशनकडे बोट दाखवतो. वाड्याच्या दिंडीदरवाजाशी देवडी असते ना, तसं हे पार्टिशन. दोन्ही बिऱ्हाडांचे पहारेकरी इथेच बसतात. त्याची मांडणी फॅट३२ची, म्हणजे विंडोज, लिनक्स आणि मदरबोर्ड तिघांनाही वाचता येईल अशी. आत एक फोल्डर मायक्रोसॉफ्टचं आणि एक लिनक्सचं. यादीत लिनक्सचं नाव वर असेल तर ग्रब नावाचा पहारेकरी उठतो आणि काळ्या पडद्यावर तो ओळखीचा मेन्यू मांडतो. विंडोज निवडली तर ग्रब बाजूला होऊन विंडोजच्या बूट मॅनेजरला पुढे करतो. तो आपली बीसीडी नावाची वही उघडून सी कुठे आहे ते बघतो. लिनक्स निवडलं तर ग्रब लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, उठवतो आणि रूटचा पत्ता त्याच्या हाती देतो. मग एफस्टॅब नावाच्या फाइलमध्ये पाहून होम कुठलं, स्वॅप कुठलं हे ठरतं.

म्हणजे पत्ते चार ठिकाणी लिहिलेले आहेत: मदरबोर्डच्या यादीत, ग्रबकडे, बीसीडीत आणि एफस्टॅबमध्ये. हे पत्ते ‘पहिल्या डिस्कचं तिसरं पार्टिशन’ अशा भाषेत सहसा नसतात, ते ओळखक्रमांकाच्या भाषेत असतात. ‘मारुतीच्या देवळामागचं तिसरं घर’ असं सांगण्याऐवजी गट क्रमांक सांगावा, तसं. देऊळ हललं तरी गट क्रमांक हलत नाही. फायदा मोठा आहे, आणि त्याच्यातला खड्डाही मोठा आहे. त्या खड्ड्यात मी पडलो, पण ते पुढे.

तीन वाटा

पहिली वाट दुकानदाराची. नव्या डिस्कवर दोन्ही सिस्टिम नव्याने टाकायच्या आणि आपल्या फाइली आणून ठेवायच्या. सिस्टिम जुनी, गचाळ झाली असेल तर हीच वाट उत्तम. विंडोजचा डिजिटल परवाना बहुतेक वेळा मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलल्याने तो जात नाही. मात्र आधी विंडोज टाकायची, मग लिनक्स. उलटा क्रम धरला तर विंडोज आपला पहारेकरी पुढे बसवते आणि लिनक्सचा मेन्यू दिसेनासा होतो. तो परत आणता येतो, पण काम वाढतं.

नव्याने टाकण्यात किरकोळ वाटणाऱ्या अनेक जुळण्या हरवतात. त्यांतली आपल्याकडे हमखास दिसणारी म्हणजे घड्याळ. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. सकाळी दहाला विंडोजने घड्याळात १० लिहिले की लिनक्स ते जागतिक वेळ समजून त्यात भारताचे साडेपाच तास मिळवतं आणि दुपारचे साडेतीन दाखवतं. लिनक्सने इंटरनेटवरून दुरुस्ती करून घड्याळात साडेचार लिहिले की विंडोजमध्ये पहाट होते. लंडनमधल्या माणसाला हिवाळ्यात हा घोळ जाणवणारही नाही, कारण तिथे दोन्ही वेळा एकच. आपल्याला मात्र साडेपाच तासांचा फरक दिसला की ओळखावं, दोन बिऱ्हाडांचं घड्याळावरून भांडण लागलंय. लिनक्सला ‘घड्याळात स्थानिक वेळ आहे’ असं सांगणारी एक आज्ञा दिली की ते मिटतं.

दुसरी वाट, फाइलीगणिक नक्कल. लिनक्ससाठी ही वाट फार चांगली आहे. आरसिंक नावाचं साधन परवानग्या, मालकी आणि दुवे यांच्यासह अख्खी सिस्टिम उचलून नव्या पार्टिशनवर ठेवतं. मग एफस्टॅबमधले ओळखक्रमांक बदलले आणि ग्रब नव्याने बसवला की झालं. फक्त हा ऐवज वाटेत फॅट किंवा एक्सफॅटच्या पेन ड्राइव्हवर मोकळा ठेवू नये. तिथे परवानग्यांना आणि दुव्यांना जागाच नसते आणि परत आणलेलं लिनक्स अर्धमेलं निघतं. विंडोजचा सी मात्र असा फाइली ओढून हलवता येत नाही. डी येतो.

तिसरी वाट, क्लोन मारणे. डिस्कची सेक्टर-दर-सेक्टर नक्कल. आठही पार्टिशन, त्यांचे ओळखक्रमांक, देवडीतले दोन्ही पहारेकरी, सगळं जसंच्या तसं. चारपैकी तीन पत्ते आपोआप जुळतात, आणि चौथा, मदरबोर्डवरचा, बहुतेकदा तसाच लागू पडतो. ड्युअल बूटवाल्यासाठी, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टिम नांदवणाऱ्यासाठी, ही वाट सर्वांत कमी कटकटीची.

तैवानच्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगमध्ये तयार झालेलं क्लोनझिला हे मोफत साधन यासाठी नावाजलेलं आहे. पेन ड्राइव्हवरून ते सुरू करायचं, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही झोपलेल्या असतात आणि नक्कल चालू असताना खालची जमीन हलत नाही. दोन्हीकडच्या फाइलपद्धती त्याला कळतात, म्हणून ते भरलेलेच भाग उचलतं, रिकामी जागा सोडून देतं. वेळेचा हिशेब यावरच ठरतो. १ टेराबाइट सरसकट उतरवायचं आणि सेकंदाला १०० मेगाबाइटचा वेग मिळाला तर १० हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तास. तीच नवी डिस्क जुन्या यूएसबी २.० पोर्टला लावली तर खरा वेग सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या आसपास, म्हणजे आठ तास. निळ्या जिभेचं यूएसबी ३.० पोर्ट शोधण्यात घालवलेला एक मिनिट रात्रभराचं जागरण वाचवतो.

आधी करायच्या चार गोष्टी

पहिली, डिस्कची नाडी बघणे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची स्मार्ट नावाची नोंद ठेवते. त्यातला ५ क्रमांकाचा रकाना सांगतो, किती खराब सेक्टर बाद करून त्यांच्या जागी राखीव दिले. १९७ क्रमांकाचा सांगतो, किती सेक्टर वाचता येत नाहीत आणि निकालाची वाट पाहत आहेत. माझ्या डिस्कवर १९७ समोर शून्य नव्हतं. असं असेल तर पार्टिशन लहान करणं, सरकवणं, डिस्क तपासून दुरुस्त करणं असले उद्योग जुन्या डिस्कवर करायचेच नाहीत. आजाऱ्याकडून सामान उचलून घेऊ नये. जे काय करायचं ते नक्कल नव्या डिस्कवर उतरल्यावर.

दुसरी, विंडोज खरोखर बंद करणे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पुरती बंद होत नाही. लवकर सुरू होता यावं म्हणून ती आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि डोळे मिटते. या सोयीला फास्ट स्टार्टअप म्हणतात. अशा अर्धवट झोपेत असताना लिनक्सने सीवर काही लिहिलं तर जागी झाल्यावर विंडोज आपल्या जुन्या आठवणीवर विसंबते आणि फाइली बिघडू शकतात. म्हणूनच लिनक्स अनेकदा ते पार्टिशन ‘फक्त वाचायला’ म्हणून उघडतं. शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन केलं की विंडोज पूर्ण बंद होते. ड्युअल बूटवाल्याने ती सोय सेटिंगमधून कायमचीच काढून टाकलेली बरी.

तिसरी, बिटलॉकरची किल्ली. माझ्या जुन्या मशीनवर विंडोजचं हे कुलूप नव्हतं, पण नव्या लॅपटॉपवर सी कुलूपबंद असण्याची शक्यता मोठी, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. बूटच्या व्यवस्थेत फरक जाणवला की चिप ती द्यायला नकार देते आणि पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती आधीच शोधून कागदावर उतरवलेली असावी. तो कागद त्याच लॅपटॉपमध्ये फाइल करून ठेवणारे लोक आहेत. मीही ठेवला असता.

चौथी, नवी डिस्क घेताना आकडा बघणे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. म्हणून १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते आणि ५०० जीबीची ४६५. यात कोणी फसवलेलं नसतं. पण ९६० जीबी आणि १ टीबी या मात्र खरोखरच वेगळ्या डिस्क आहेत, आणि सरळ क्लोनसाठी नवी डिस्क जुनीपेक्षा एका सेक्टरनेही लहान चालत नाही. मी १ टीबीच घेतली आणि दोन्हींच्या सेक्टरांची संख्या पडताळून पाहिली. १,९५,३५,२५,१६८. तंतोतंत.

आठ सेक्टर

आता प्रत्यक्ष नक्कल. लिनक्समध्ये डिस्कसुद्धा एक फाइल असते. एसडीए ही पहिली, एसडीबी दुसरी. डीडी नावाची जुनी आज्ञा ‘इकडून वाच, तिकडे लिही’ एवढंच करते. खात्री करून घेत नाही, परत विचारत नाही. ‘इकडून’ आणि ‘तिकडे’ यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर निमूटपणे उतरते. शिवाय एसडीए-एसडीबी ही नावं कायमची नसतात. कोणती डिस्क आधी सापडली त्यावर ती ठरतात आणि पुढच्या वेळी पलटू शकतात.

असली चूक थोरामोठ्यांकडूनही झालेली आहे. लिनक्सच्या सुरुवातीच्या महिन्यांत लिनस टॉरवाल्ड्सच्या हेलसिंकीतल्या संगणकावर दोन सिस्टिम नांदत होत्या: मिनिक्स, आणि त्याची स्वतःची अर्धीकच्ची लिनक्स. एकदा मॉडेमवरून विद्यापीठाला फोन लावताना त्याने डायल करण्याची आज्ञा चुकून मॉडेमऐवजी हार्ड डिस्कला दिली. डिस्क बिचारी, जे आलं ते तिने लिहून घेतलं आणि मिनिक्सचं पार्टिशन निकामी झालं. मिनिक्स पुन्हा टाकण्याऐवजी लिनस पूर्णपणे लिनक्सवर आला. त्याच्याकडे निदान दुसरी सिस्टिम लिहून काढण्याची सोय होती. आपण नावांवर विसंबू नये. डिस्कच्या लेबलवरचा सिरियल क्रमांक पडद्यावरच्या यादीशी जुळवावा, मोठ्याने वाचावा आणि मगच एंटर दाबावा. दोन्ही डिस्क १ टीबीच्या असताना नुसता आकार बघून काही कळत नाही.

माझी डिस्क आजारी असल्यामुळे मी ना डीडी वापरलं ना क्लोनझिला. अशा वेळी डीडीरेस्क्यू लागतं. दुखऱ्या जागी ते अडून बसत नाही. आधी धडधाकट भाग उचलून घेतं, अडलं तिथून उडी मारतं आणि कुठे काय राहिलं याची नोंद एका नकाशा-फाइलमध्ये करतं. सगळं सोपं आटपल्यावर मग त्या अवघड जागांकडे वळतं आणि कडांकडून थोडंथोडं खरवडत जातं. मध्येच वीज गेली तरी नकाशा वाचून पुढे सुरू. पहिल्या रविवारी दुपारी दोनला लावलं, सहाच्या सुमारास पडदा स्थिर झाला. न वाचलेले ४,०९६ बाइट. म्हणजे आठ सेक्टर.

बरोब्बर आठच का? कारण ५१२ बाइटचा सेक्टर हा आता कागदोपत्रीच उरला आहे. हल्लीच्या हार्ड डिस्क आतून ४,०९६ बाइटचे मोठे सेक्टर वापरतात आणि जुन्या सॉफ्टवेअरसाठी त्याचे आठ भाग असल्याचं दाखवतात. एक खरा सेक्टर गेला की कागदावरचे आठ एकदम जातात. एनटीएफएसक्लस्टर नावाच्या साधनाला त्यांचे क्रमांक दिले तेव्हा कळलं की ती जागा विंडोजच्या एका तात्पुरत्या फाइलची होती. ९३१ जीबीमधला गेलेला भाग असा निघाला की जो मी स्वतःहून टाकून दिला असता. नशीब म्हणतात ते हेच.

जुळ्यांचा घोळ

आता कबुलीजबाब. नक्कल झाल्यावर मी नवी एसएसडी लॅपटॉपमध्ये बसवली. ती ७ मिलिमीटर जाडीची, जुना कप्पा ९.५ मिलिमीटरचा, म्हणून सोबत मिळालेली प्लास्टिकची चौकट चिकटवून. जुनी डिस्क यूएसबी केबलला लावून शेजारी ठेवली, काही राहिलं असेल तर हाताशी असावी म्हणून. मशीन सुरू झालं, मेन्यू आला, लिनक्स उघडलं, मी खूश. दोन तास लेख लिहीत बसलो. लॅपटॉप पळत मात्र नव्हता. यूएसबीवरची जुनी डिस्क अधूनमधून कुरकुरत होती. तेव्हा ट्यूब पेटली.

क्लोन म्हणजे ओळखक्रमांकासकट नक्कल. एकाच गट क्रमांकाच्या दोन जमिनी. एफस्टॅबने ‘अमक्या क्रमांकाचं होम’ मागितलं, दोन सापडली, आणि लिनक्सने त्यांतलं एक उचललं. ते जुनं होतं. रूट नव्या डिस्कवरून, होम मरणासन्न डिस्कवरून, आणि माझा ताजा लेख तिच्या पोटात. विंडोज या बाबतीत कडक आहे. एकाच सहीच्या दोन डिस्क दिसल्या की ती एकीला ऑफलाइन करून ठेवते. लिनक्स तसं करीलच असं नाही.

मी त्या रात्री ‘आता काम झालं’ म्हणून जुनी डिस्क पुसली असती तर? म्हणून नियम साधा आहे: क्लोन झाल्यावर मशीन बंद करायचं, जुनी डिस्क केबलसकट काढायची आणि पहिलं बूट एकट्या नव्या डिस्कवरून करायचं. जुनी पुन्हा जोडायचीच असेल तर एका बाजूचे ओळखक्रमांक आधी बदलून घ्यायचे.

जुनी डिस्क काढल्यावर दुसरा धक्का बसला. मेन्यू आलाच नाही, लॅपटॉप थेट विंडोजमध्ये गेला. ‘लिनक्स उडालं’ असं म्हणून लोक इथे हात टेकतात. लिनक्स जागच्या जागीच होतं. काही मदरबोर्ड डिस्क काढली-घातली की यादीतल्या नोंदी परस्पर पुसतात आणि मग ठरलेल्या एका आणीबाणीच्या जागी पडलेली फाइल चालवतात. त्या जागी विंडोजने आपली प्रत ठेवलेली असते. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून बूट करून एका ओळीच्या आज्ञेने यादीत ग्रबचं नाव पुन्हा चढवलं आणि काळा मेन्यू परत आला.

नवी डिस्क जुनीपेक्षा मोठी घेतली असेल तर आणखी एक काम उरतं. जीपीटीची दुसरी प्रत जुन्या डिस्कच्या शेवटाच्या हिशेबाने आता मध्येच कुठेतरी अडकलेली असते. जीपार्टेड हे पार्टिशनचं साधन ते ओळखतं आणि दुरुस्त करू का असं विचारतं. हो म्हटलं की प्रत खऱ्या शेवटाला जाते आणि मागची मोकळी जागा वापरता येते. सी वाढवायचा असेल तर त्याच्यापाठी बसलेलं रिकव्हरी पार्टिशन आधी सरकवावं लागतं.

चार अक्षरं, तीस बाइट

दुसऱ्या रविवारी आवराआवर केली. डीवरचं माझं लेखनाचं फोल्डर लिनक्सच्या होममध्ये हलवायचं होतं. शेकडो फाइली गेल्या, सात-आठ अडल्या: ‘नाव फार लांब आहे.’ विंडोजमध्ये वर्षानुवर्षं बिनतक्रार राहिलेली नावं लिनक्सला का खुपावीत?

दोन्हीकडे नावाची मर्यादा २५५ आहे, पण मोजमाप वेगळं. विंडोजची एनटीएफएस २५५ चिन्हं मोजते, लिनक्सची ईएक्सटी४ २५५ बाइट मोजते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. ‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या. आपल्या कानाला अक्षरं चार. संगणकाला चिन्हं दहा, कारण काना आणि हलन्त वेगळे मोजले जातात. लिनक्सच्या डिस्कवर बाइट तीस. म्हणजे मराठी नावाला तिथे फक्त ८५ चिन्हांची जागा. आणि मी पडलो लेखाचं अख्खं शीर्षक, विषय आणि ‘अंतिम सुधारित खरोखर अंतिम’ असं सगळं फाइलीच्या नावात घालणारा माणूस. नावं कापली, फाइली गेल्या. पण कॉपीच्या शेवटी आलेली चुकांची यादी न वाचता खिडकी मिटली असती तर ते लेख तिथेच राहिले असते.

मग विंडोजमध्ये जाऊन डीवरच राहिलेला २००३ सालचा एक लेख उघडला. त्या काळी मराठी छपाईचं बहुतेक काम श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर चाले. देवनागरीला युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली होती आणि विंडोज २००० बरोबर मंगल हा फाँटही घरोघर आला होता, आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. पण छापखाने जुन्याच फाँटवर चालत राहिले. त्या फाइलींत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेले असतात रोमन चिन्हांचे क्रमांक, आणि त्यांना ‘क’, ‘ख’चं रूप देतो तो फाँट. फाँट गेला की लेखाचा नुसता चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल मात्र पूर्ण, एक बाइटही न हरवलेली.

फाइल उघडली आणि मराठी दिसली. सगळी जोडाक्षरं जागच्या जागी. क्षणभर काही विशेष वाटलं नाही, मग लक्षात आलं. हे फाँट मी कुठल्याच बॅकअपमध्ये कधी घेतले नव्हते. ते विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये होते. म्हणजे सीमध्ये.

जुनी डिस्क आता तारखेची चिठ्ठी लावून कपाटात आहे. सहा महिने तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय. परवा दुकानावरून जाताना त्या मुलाने हाक मारली, “काय काका, डेटा आला का सगळा?”

म्हटलं, “डेटा आला. आणि सीमध्ये काय होतं तेही कळलं.”